पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या गावात १९६४ ते १९६६ चे पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवायचे असतील तर

गावातील वाचनालयाने किंवा युवक मंडळाने हा उपक्रम हाती घेताना आधी वर्षांचा घोळ निस्तरावा. राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाच्या वर्षाने ओळखले जातात आणि त्यांचे वितरण नंतर होते, तर फिल्मफेअरचे पुरस्कार सोहळ्याच्या वर्षाने सांगण्याची रीत आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक १९६४ साठी सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ला, १९६५ साठी रामू करियात यांच्या ‘चेम्मीन’ला आणि १९६६ साठी बासू भट्टाचार्य यांच्या ‘तीसरी कसम’ला मिळाले. अभिनयाच्या बाबतीत मात्र पत्रकावर ‘राष्ट्रीय पुरस्कारविजेता’ असे लिहिण्याचा मोह टाळावा, कारण राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाची स्वतंत्र पारितोषिके १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि पहिली पारितोषिके उत्तमकुमार व नर्गिस यांना मिळाली.

सुरुवात ‘तीसरी कसम’ने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेतील गाडीवान हिरामण आणि नौटंकीतील हिराबाई यांची ओळख आपल्याकडे करून द्यावी लागत नाही. बंडी हाकणारी पिढी अजून गावात आहे आणि रात्रभर नाटक पाहण्याची सवय तर झाडीपट्टीइतकी क्वचितच कुठे असेल. त्याच आठवड्यात ‘गाईड’ दाखवावा. दोन्ही चित्रपटांत वहीदा रेहमान रंगमंचावर नाचणाऱ्या स्त्रीची भूमिका करतात, पण हिराबाई आपले दुःख गिळून बसते आणि रोझी ते झुगारून उठते. ‘गाईड’साठी वहीदा रेहमान आणि देव आनंद या दोघांनाही १९६७ चा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की एकाच अभिनेत्रीने चाल, मान आणि आवाज किती बदलला आहे, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. त्या काळात पडदा लावून नाटकाशी स्पर्धा करू नये. होळीनंतरचा वद्य पक्ष निवडावा, म्हणजे चंद्र उशिरा उगवतो आणि पडद्यावरचे चित्र फिके पडत नाही. मात्र याच दिवसांत मोहफुले वेचायला माणसे पहाटे उठतात, म्हणून अंधार पडताच चित्रपट सुरू करावा आणि तीन तासांच्या ‘गाईड’साठी शनिवार राखून ठेवावा. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून जनरेटरची सोय करावी आणि तो पडद्यापासून दूर, घरांच्या आड ठेवावा.

परवानगीकडे दुर्लक्ष करू नये. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ चा चित्रपट २०२४ अखेर मोकळा झाला, तर १९६६ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटावरील हक्क २०२६ अखेरपर्यंत राहतो. शिवाय गीत, संगीत आणि कथा यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून निर्मात्याचे किंवा वितरकाचे लेखी पत्र घेतलेले बरे. १९६४ मध्येच स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडेही चौकशी करावी.

‘चारुलता’ सर्वांत शेवटी ठेवावा. बंगाली संवादांचा अर्थ मोठ्याने सांगण्यासाठी एखादा शिक्षक किंवा कॉलेजात जाणारी मुलगी माइकजवळ बसवावी आणि तिने चित्रपट आधी दोनदा पाहिलेला असावा. आरंभी एकटी चारू खिडक्यांच्या पट्ट्यांमधून, डोळ्यांशी छोटी दुर्बीण धरून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. माधवी मुखर्जी यांनी त्या प्रसंगात संवादांविना जे केले आहे ते पाहणाऱ्याला आपोआप कळते, त्यामुळे तेवढा वेळ माइक बंद ठेवण्याची सूचना तिला आधीच द्यावी.