कलम ५ मी वाचलंच नव्हतं

अमेरिका आणि युरोपचं काहीतरी बिनसलं अशी बातमी आली की माझ्याकडे ज्युनियर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. ताई, नाटोवर थिसिस घेऊ का, विषय सध्या चालतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी युरोपियन नेत्यांना त्यांच्याच घरात सुनावलं आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला युक्रेनचे झेलेन्स्की आणि ट्रम्प यांची व्हाईट हाऊसच्या ओव्हल ऑफिसमधली वादावादी जगाने लाईव्ह बघितली, तेव्हा तर एका आठवड्यात आठ-दहा जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमत नाही म्हणून एकदाच सगळं सांगते.

मी सावंतवाडीची, पुण्यात बीए केलं आणि मग कर्ज काढून युरोपात सिक्युरिटी स्टडीजच्या मास्टर्सला गेले. नाटो म्हणजे काय, शीतयुद्ध कसं संपलं हे तुम्हाला माहितीये असं धरून चालते. ते माहिती नसेल तर आधी ते करा, विषय नंतर निवडा.

आता माझं काय झालं ते. माझ्या थिसिसचा मुद्दा असा होता की नाटोमध्ये एकावर हल्ला झाला की बाकी सगळे आपोआप युद्धात उतरतात, ही हमी ७० वर्षं पक्की होती आणि ट्रम्प यांनी ती मोडली. सत्तर पानं लिहून झाली होती. ड्राफ्ट गाईडकडे दिला, तो परत आला तेव्हा पहिल्याच पानावर ‘आपोआप’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केलेला आणि बाजूला एकच प्रश्न, हा शब्द करारात कुठे आहे?

मी रूमवर येऊन नाटोचा मूळ करार उघडला. पहिल्यांदा. चार महिने त्यावर लिहीत होते आणि मूळ मजकूर एकदाही सलग वाचला नव्हता, कारण सगळेच तसं म्हणतात, व्हिडिओत तसं सांगतात, क्लासच्या नोट्समध्ये तसं असतं. अख्खा करार १४ कलमांचा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. ‘आपोआप’ त्यात कुठेच नाहीये.

कलम ५ काय म्हणतं ते नीट बघा. एकावर किंवा अनेकांवर सशस्त्र हल्ला झाला तर तो सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. प्रत्येक देश हल्ला झालेल्याला मदत करेल, त्यासाठी त्याला स्वतःला जी आवश्यक वाटेल ती कृती करेल, आणि त्यात सशस्त्र बळाचा वापरही येतो. म्हणजे मदत करणं बंधनकारक आहे, पण मदत कोणती हे ज्याचं तो ठरवणार. रणगाडे पाठवायचे की औषधं, दोन्ही या वाक्यात बसतं. शिवाय कलम ११ आहे, करार अमलात आणताना प्रत्येक देश आपल्या घटनेच्या प्रक्रियेनुसारच चालणार.

हे ढिलं वाक्य चुकून राहिलेलं नाही. १९४८-४९ मध्ये वाटाघाटी चालू असताना युरोपियनांना कडक भाषा हवी होती, मार्च १९४८ च्या ब्रुसेल्स करारात ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी एकमेकांना शक्य ती सगळी लष्करी मदत देण्याचं लिहून दिलंच होतं. पण अमेरिकन सिनेट अडली, युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा आहे, तो परदेशातल्या करारावर सोडणार नाही. व्हँडेनबर्ग आणि कॉनली या सिनेटरांचं समाधान होईल अशी भाषा शोधावी लागली. ४ एप्रिल १९४९ ला वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सह्या केल्या आणि जुलैमध्ये सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली. म्हणजे मी जी शंका २०१७ नंतर जन्मली म्हणून लिहीत होते ती कराराच्या बारशालाच हजर होती.

आणि मग मधल्या काळातली एकेक गोष्ट वेगळी दिसायला लागली. जून १९६४ मध्ये तुर्की सायप्रसमध्ये सैन्य उतरवायच्या तयारीत होतं, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान इनोनू यांना पत्र लिहिलं. त्यात साधारण असं होतं की तुम्ही मित्रांना न विचारता पाऊल उचललंत आणि त्यामुळे सोव्हिएत मध्ये पडले, तर तुम्हाला वाचवायची आमची जबाबदारी आहे का याचा विचार नाटोच्या मित्रांनी अजून केलेला नाही. शीतयुद्धाच्या ऐन भरात, सोव्हिएतला खेटून असलेल्या मित्रदेशाला हे लिहिलंय. दोन वर्षांनी पत्र तुर्की पेपरात छापून आलं आणि तिथे अमेरिकेबद्दल जो राग बसला तो पुढे कित्येक वर्षं निघाला नाही. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हे पत्र नव्हतंच. १९५६ चं सुएझ (अमेरिकेने मित्र असलेल्या ब्रिटन-फ्रान्सला माघार घ्यायला लावली ते) एका ओळीत होतं, फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल यांनी १९६६ मध्ये फ्रान्सला एकत्रित लष्करी कमांडमधून बाहेर काढलं (फ्रान्स २००९ मध्ये परतला) हे तळटीपेत. मुख्य पुरावा होता तो, आणि मी तो तळटीपेत टाकला होता.

मग हमी टिकते कशावर? सैनिक कुठे उभे आहेत यावर, असं आता माझं ठाम मत आहे. २०१६ च्या वॉर्सा परिषदेत ठरल्यावर एस्टोनियात ब्रिटनच्या, लाटव्हियात कॅनडाच्या, लिथुआनियात जर्मनीच्या आणि पोलंडमध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखाली तुकड्या ठेवल्या गेल्या. रशियाला थोपवायला त्या पुरणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हल्ला झालाच तर पहिल्या दिवशी ब्रिटिश आणि कॅनेडियन पोरं मरतील, मग आवश्यक काय वाटतं यावर लंडनमध्ये फार खल होणार नाही. म्हणून नेत्यांची भाषणं मोजत बसू नका, तैनाती बघा, कमांड कोणाकडे आहे ते बघा, दारूगोळा कुठे साठवलाय ते बघा.

एक सांगायचं राहिलं, कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, १२ सप्टेंबर २००१ ला, आणि तेही अमेरिकेसाठी. नाटोची टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालायला गेली. पुढे अफगाणिस्तानात जेमतेम ५५-६० लाख वस्तीच्या डेन्मार्कच्या ४३ सैनिकांचा जीव गेला. त्याच डेन्मार्कला आज ग्रीनलंडवरून (ते डेन्मार्कचं, आणि ट्रम्प यांना हवंय) जे ऐकून घ्यावं लागतंय ते तिथल्या लोकांना का इतकं लागतं, हे या आकड्याशिवाय कळणार नाही. मला ते वाचताना आजही वाईट वाटतं. विषयात भावना आणू नका असं शिकवतात, मला पटत नाही.

आता कलम ६, आपल्या घरातलं. कलम ५ कुठे लागू होतं ते हे कलम सांगतं, युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची उत्तर अटलांटिकमधली बेटं. तेव्हा फ्रान्सचा अल्जीरिया नाव घालून आत घेतला होता, गोवा नाही. पोर्तुगाल संस्थापक सदस्य होता तरीही. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्यात सत्याग्रहींना पाणी द्यायला उभे होते, त्याच दिवशी हद्दीवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. ते सांगायचे की तेव्हा लोकांत धास्ती होती, पोर्तुगालच्या मागे नाटो आहे, अमेरिका येईल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं तेव्हा ती धास्ती वाढलीच असणार. आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गेल्या तेव्हा अमेरिकेने सुरक्षा परिषदेत विरोध केला, ठराव सोव्हिएत व्हेटोने पडला, पण नाटोचा एकही सैनिक हलला नाही. गोव्यासाठी कोणी बांधीलच नव्हतं. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनची फॉकलंड बेटं घेतली तेव्हाही तेच. आजोबांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते आणि ती माझ्या विषयातली आहे हे मला परदेशात, थिसिस दुसऱ्यांदा लिहिताना कळलं.

दुसऱ्यांदा, हो. एक सेमिस्टर वाढली, व्हिसा वाढवावा लागला, बाबांनी एफडी मोडून भाड्याचे पैसे पाठवले. तो हिवाळा आठवला की अजून पोटात गोळा येतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. एक्स्प्लेनर व्हिडिओ, तयार नोट्स, एआयचा सारांश हे सगळं मूळ कागद वाचल्यानंतर, आधी नाही. नुसतं जीडीपीच्या २ टक्क्यांचंच घ्या, निम्म्या लोकांना वाटतं की देश नाटोला वर्गणी देतात आणि ती थकलीये. तो प्रत्येकाचा स्वतःच्या सैन्यावरचा खर्च आहे, २०१४ मध्ये वेल्सला ठरलेला, आणि जून २०२५ मध्ये द हेगला तो आकडा २०३५ पर्यंत ५ टक्के करायचं ठरलं, त्यात ३.५ थेट संरक्षणाचे आणि १.५ रस्ते, पूल, सायबर वगैरेचे. निवेदन चार-पाच परिच्छेदांचं आहे, वाचा की. अमेरिकन परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रं ऑनलाईन फुकट आहेत, जॉन्सनचं पत्रही त्यात सापडेल.

गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. टीव्हीवर दिसणारा गाईड तुमचं पान वाचणार नाही. माझ्या गाईडने वर्षभरात माझं कौतुक एकदाही केलं नाही, पण तो पेन्सिलचा गोल नसता तर मी तोंडी परीक्षेत उघडी पडले असते.

नोकरीचं स्पष्ट सांगते. भारतीय पासपोर्टवर नाटोमध्ये नोकरी मिळत नाही, इंटर्नशिपही नाही, ती सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असते. एजंट काहीही सांगू देत. हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि मी रात्रभर रडले. रस्ते आहेत ते थिंक टँक, पीएचडी, पत्रकारिता आणि कंपन्यांची रिस्क डेस्क (कुठल्या देशात काय धोका आहे ते कंपनीला सांगणारा विभाग), मी शेवटच्यात आहे. फ्रेंच किंवा जर्मन बी२ पातळीपर्यंत (म्हणजे कामापुरतं नीट बोलता-लिहिता येईल इतपत) आणा, त्याशिवाय ब्रुसेल्स-बर्लिनमध्ये तुमचा सीव्ही ढिगातच राहतो.

घाबरू नका पण. ग्रीनलंडच्या निमित्ताने सगळे विचारतायत की एका सदस्यानेच दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क सांगितला तर काय, आणि कलम ५ त्यावर काहीच बोलत नाही, कलम १ फक्त वाद शांततेने सोडवा म्हणतं. ग्रीस आणि तुर्की सायप्रसवरून हे १९७४ पासून जगतायत, त्या वर्षी ग्रीस कमांडमधून बाहेर पडला आणि १९८० मध्ये परत आला. या दोन प्रकरणांची तुलना करून कोणी मराठी मुलगा किंवा मुलगी थिसिस लिहिणार असेल तर मला सांगा. ड्राफ्ट मी वाचेन, पेन्सिल घेऊन.