‘आधी घरगुती करून बघू’: कुत्र्या-मांजरांच्या औषधपाण्यातल्या या चुका टाळा

सांगलीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे म्हसरांचे मालक, आता कुत्र्या-मांजरांचेच जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांचं वाक्य ठरलेलं असतं: “काका, डॉक्टरकडं नको, नुसती इंजेक्शनं मारतात. काहीतरी आयुर्वेदिक द्या.” बरं, झालंय काय, तर ते माहीत नसतं. झाडपाला की ॲलोपॅथी हा वाद नंतर घाला, आधी रोग कोणता ते तरी कळू दे!

गोचिडावर लसूण

या चुकीनं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. विश्रामबागेतला एक लॅब्रॅडॉर, पावसाळ्याचे दिवस, अंगावर गोचीड. मालकानं मोबाईलवर कुठंतरी वाचलं की लसूण खाऊ घातला की गोचीड धरत नाही. झालं, रोज भाकरीत ठेचलेला लसूण सुरू. पुढं कुत्रं जेवेना, तेव्हा पपईच्या पानांचा रस आणि कुणीतरी दिलेल्या होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या. एवढं सगळं करून माझ्याकडं आला तो लिव्हर टॉनिक मागायला.

कुत्रं बाहेर रिक्षात पडून होतं. जाऊन ओठ वर केला, तर हिरड्या पांढऱ्याफटक. लघवी कशी होते विचारलं. “जरा गडद होतीया, पाणी कमी पितोय म्हणून असंल.” टॉनिक दिलं नाही, तशीच रिक्षा डॉक्टरांकडं पिटाळली.

रक्ताच्या काचेवर बबेसिया सापडला. गोचिडातून येणारा हा जंतू तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो. आणि लसूण काय करतो? कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशीच फोडतात. म्हणजे एका बाजूनं जंतू आणि दुसऱ्या बाजूनं मालक! बरं, लसणाचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. का, तर “ते काय औषध हाय व्हय?” शेवटी मीच फोन करून सांगितलं. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं, तेव्हा कुठं वाचलं.

माझी सवय सांगतो. दर रविवारी कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघायच्या, मग कानामागं, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवायचा. गोचिडाचं औषध डॉक्टरांना वजन सांगून घ्यायचं. झोपायची जागा आणि भिंतीच्या फटीही साफ करायच्या, कारण रक्त पिऊन फुगलेली गोचीड तिथंच जाऊन अंडी घालते.

दुसरा गोचीड ताप एर्लिकिया या जंतूचा. त्याला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण 28 दिवस चालतं. चार दिवसांत कुत्रं जेवायला लागलं की “गोळ्या उष्ण पडतात” म्हणून लोक बंद करतात आणि पुढच्या महिन्यात परत माझ्या दारात. उष्ण-बिष्ण काही नसतं, गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते. खाण्याबरोबर द्या आणि कोर्स पुरा करा.

हळद, कोरफड आणि आपला अभिमान

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून ती दिसेल त्या जखमेत भरायची असं नाही. खोल जखमेत हळद कोंबली की वरून खपली आणि आत पू.

मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. गाईच्या काससुजीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळच 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद आणि 15 ग्रॅम चुना असा लेप सांगतं. पण त्याला माप आहे, आणि तो गाईच्या कासेसाठी आहे. तोच लेप लोक कुत्र्याच्या खरजेवर थापतात. कुत्रं चाटणार, कोरफडीचा पिवळा चीक पोटात जाणार, की लागले जुलाब. मांजर तर अख्खं अंग चाटतं, त्यामुळं त्याला कापूर, निलगिरी किंवा टी ट्री तेल चोळूच नका.

हेही बंद करा

मांजराला पॅरासिटामॉल: एक गोळीही जीव घेते. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या: पोटात अल्सर, मूत्रपिंडं कामातून.

“नैसर्गिक खाऊ” म्हणून तासगावचे बेदाणे: कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

पिल्लाला रक्ताची हगवण लागली आणि तुम्ही डाळिंबाची साल उगाळत बसलात: पार्व्हो हा विषाणूचा रोग असेल तर अंगातलं पाणी संपून पिल्लू जातं. त्याला आधी सलाईन लागतं.

कुत्रं चावल्यावर तिखट, चुना: अजिबात नको. साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं जखम धुवा आणि लगेच लशीसाठी जा. तुमच्या कुत्र्याला दुसरं चावलं असेल तर त्यालाही न्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर कुठलीच पॅथी कामाची नाही.

खाजेवरच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करून काढा सुरू करणारे उतावीळ लोक मला दर आठवड्याला भेटतात. बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर जनावर कोसळतं. मात्रा हळूहळू उतरवायची, तीही डॉक्टरांनी.

म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या कुत्र्याला मात्र नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त काही हवं असतं. वजन उतरवा, घसरड्या फरशीवर चटया टाका, रोज थोडं थोडं चालवा, मसाज करा, डॉक्टरांना विचारून माशाचं तेल द्या. वेदनेची गोळी चालू ठेवून हे सगळं करता येतं. यात भांडण कसलं?

डॉक्टर रागावतील म्हणून काढे-गोळ्या लपवू नका. रागावू देत. घरात दिलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या. लेबल नसलेली पुडी असेल तर ज्यानं दिली त्याला जाण्याआधी फोन करा आणि आत काय आहे ते लिहून घ्या.