दार नऊशेचं, वाट साडेसातशेची

दिव्यांगांनाही इमारती वापरता याव्यात, ही सुगम्यता. तिचं प्रशिक्षण द्यायला नव्याने येणाऱ्यांना वाटतं, आपल्याला इंजिनिअर-आर्किटेक्ट मंडळींची मनं बदलायची आहेत. मनं बदलतात हो. व्हीलचेअर वापरणारं कुणी समोर बसून अर्धा तास बोललं की अख्खा वर्ग गप्प होतो, चहाच्या सुट्टीत दोघंतिघं येऊन स्वतःच्या आजीबद्दल सांगतात. आणि पुढे त्याच वर्गातल्या कुणाच्या तरी साइटवर तोच तीन फुटी दरवाजा, तोच पॉलिश ग्रॅनाइटचा रॅम्प. म्हणून हे लिहितेय. मी सिव्हिलची, साइटवरून या कामात आले. अजूनही सत्र सुरू होण्याआधी पोटात गोळा येतो, कारण समोरच्या निम्म्या लोकांना साहेबांनी 'जाऊन ये' म्हणून पाठवलेलं असतं.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा, राष्ट्रीय बांधकाम संहिता, आयआयटी रुरकी आणि एनआययूए (शहरी विषयांवरची राष्ट्रीय संस्था) यांनी तयार केलेली सुगम्यतेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं, हे सगळं तुम्ही चाळलेलं आहे असं धरते. चाळलं नसेल तर आधी ते करा. वर्गात कायद्यावर दोन तास घालवू नका, झोपतात. दोन कलमं मात्र जिभेवर हवीत. कलम ४४ सांगतं की नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगी मिळणार नाही आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४७ मध्ये दिव्यांगत्वाचा विषय ज्यांच्या अभ्यासक्रमात आणायचा त्यांच्या यादीत इंजिनिअर आणि आर्किटेक्ट स्पष्ट लिहिलेले आहेत. "हे आम्हाला कशाला?" असं कुणी विचारलं की हे दुसरं कलम काढा.

"पण मॅडम, ही तर मार्गदर्शक तत्त्वं, सक्ती कुठे आहे?" हा प्रश्न दर वर्गात येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा बिल्डरकडचा असतो. सुगम्यतेबद्दलच्या राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं यावरच बोट ठेवलं. याच कायद्याखालच्या २०१७च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र शिफारशींवर थांबतो. कुठल्याही परिस्थितीत ज्यात सूट नाही असे नियम वेगळे काढा, असं सांगून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. निकाल मुळातून वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश वाचून वर्गात उभं राहिलात तर एखादा वकिली डोक्याचा मनुष्य तिथेच तुमची फजिती करेल.

आता सापळा. यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे, कारण मी स्वतः यात सापडले होते आणि माझ्यानंतर आलेलं प्रत्येक पोर यातच सापडतं.

दरवाजाची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी. तुम्ही शिकवता, सगळे लिहून घेतात. ड्रॉइंगमध्ये ९०० येतं. दरवाजांच्या तक्त्यात '९०० बाय २१००' अशी ओळ येते. तपासणारा टिक करतो. कुणीच खोटं बोललेलं नाही. पण तक्त्यातले ९०० हे बहुतेक वेळा भिंतीत सोडलेल्या जागेचं माप असतं. त्यात लाकडी चौकट बसते. चौकटीचा उभा तुकडा ६५ मिलिमीटरचा धरा. दोन्ही बाजूंचे मिळून १३० गेले. उरले ७७०. मग शटर, म्हणजे दाराचं पान, लागतं. फ्लश डोअर, म्हणजे सपाट पानाचं दार, ३५ मिलिमीटर जाडीचं, १५ मिलिमीटरच्या खाचेत बसणारं. दार काटकोनात उघडून उभं राहिलं की खाचेत मावलेली जाडी सोडून उरलेले २० मिलिमीटर वाटेत येतात. राहिले ७५०. दाराला उभं हँडल असेल तर तेही पन्नासेक मिलिमीटर पुढे येतं. म्हणजे कागदावर नऊशे आणि माणसाला मिळाले सातशे. व्हीलचेअर स्वतःच सहाशे-साडेसहाशे रुंद, वर चाक फिरवणाऱ्या हातांची बोटं चाकाच्या बाहेर. बोटांची सालं निघतात, अक्षरशः.

एका छोट्या इस्पितळाचं ड्रॉइंग मी स्वतः बघून 'ठीक' म्हटलं होतं. टीम माझ्याच वर्गातली. दारं लागल्यावर टेप लावला तेव्हा कळलं. दोष सुताराचा नव्हता. त्याला जे लिहून दिलं ते त्याने केलं.

तर उलटं गणित करायला शिका आणि तेच शिकवा. मोकळे ९०० हवेत, चौकट वर सांगितली तशी, तर ९०० मध्ये १५० मिळवा: १०५०. साइटच्या भाषेत साडेतीन फुटी दार. मिस्त्रीला 'क्लिअर विड्थ' म्हणून काही समजत नाही, 'साडेतीन फुटी' म्हटलं की क्षणात समजतं, आणि सोळा-सतरा मिलिमीटर जास्तच पदरात पडतात. हँडलचा त्रास असेल तर दार काटकोनाच्या पुढे भिंतीपर्यंत उघडेल अशी जागा सोडा. चौकट ग्रॅनाइटची किंवा पत्र्याची असेल तर वजाबाकीचे आकडे बदलतात, वजाबाकी राहतेच. आणि घरांतल्या संडास-बाथरूमला आपण सर्रास ७५०चं, म्हणजे अडीच फुटी दार देतो. लाकडी चौकटीत त्यातून सहाशे उरतात. आपल्याकडे पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यावं लागतं, त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

हाच सापळा पुढे वेष बदलून भेटतो. स्वच्छतागृह २००० बाय २२००चं हवं म्हणून भिंती बरोबर तेवढ्या अंतरावर बांधल्या. मग गिलावा, त्यावर मसाला, त्यावर टाइल. एका भिंतीला ३० धरले तरी दोन्हीकडून ६० गेले. कमोडची बैठक ४५० ते ४८० उंच हवी, आणि प्लंबर भिंतीत कमोड टांगायचा ब्रॅकेट बसवतो तेव्हा खाली नुसता स्लॅब असतो. नंतर लाद्या येतात, जमीन तेवढी वर येते आणि बैठक लहान मुलांच्या शाळेतल्यासारखी बुटकी होते. हँडरेल, लिफ्टची बटणं, दिव्याचे स्विच, सगळ्यांच्या उंचीचं हेच. म्हणून वर्गात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: हे माप कुठून कुठपर्यंत, आणि काय बसवल्यानंतरचं? लोक कंटाळतात. कंटाळू द्या.

शिकवताना स्लाइड बंद करा. जुनी चौकट आणि एक शटर मिळवा, कुठल्याही वखारीत मिळतं. ते वर्गात उभं करा, हातात टेप द्या, मोजू द्या. आकडा ९०० का येत नाही यावर त्यांचं त्यांनाच भांडू द्या. माझ्या मते या एका तासात जे होतं ते दोन दिवसांच्या पॉवरपॉइंटने होत नाही.

रॅम्पबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेकांना माहीत असतं आणि तरीही कुणी करत नाही. उतार १:१२. जोतं ४५० मिलिमीटर, म्हणजे दीडशेच्या तीन पायऱ्या, तर रॅम्प ५.४ मीटर लांब. वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरली की सरळ रेषेत ८.४ मीटर लागतात. ही जागा ले-आउटच्या दिवशी ठेवली नाही तर नंतर कुणाचा बापही देऊ शकत नाही. उतार तपासायला महाग यंत्र नको: ६०० मिलिमीटरची पाणसळ घ्या, खालच्या टोकाखाली ५० मिलिमीटरचा ठोकळा ठेवा. बुडबुडा मधोमध आला तर १:१२. ही युक्ती साइट सुपरवायझरना जाम आवडते, कारण ती त्यांच्या हातातल्या वस्तूची आहे. आणि हो, आपल्याकडे पाऊस पडतो. चकचकीत ग्रॅनाइटचं जूनमध्ये काय होतं ते साइटवरच्या सगळ्यांना माहीत असतं. तरी रॅम्पला तोच लावतात, कारण लॉबीला तोच आहे.

आता माझी काही ठाम मतं. पटली नाहीत तर सोडून द्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणं, धडधाकट माणसाला तासभर व्हीलचेअरवर फिरवणं, हे प्रकार मी बंद केले. आयोजकांना फोटोसाठी हवे असतात. त्या तासातून लोक एकच गोष्ट घेऊन जातात, 'बाप रे, किती भयंकर आयुष्य'. बारा वर्षं पांढरी काठी घेऊन एकटी नोकरीला जाणारी बाई असं जगत नाही. तिला जमिनीवरच्या टाइल कळतात: उभ्या रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. तिला त्रास होतो तो रेघा थेट खांबावर नेऊन सोडल्या की. तिलाच वर्गात बोलवा, आणि तुमच्याबरोबर शिकवायला बोलवा, कहाणी सांगायला नाही. मानधन तुमच्याइतकंच. येण्याजाण्याची रिक्षा वेगळी. 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट बोलावणाऱ्या आयोजकांकडे मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. कर्णबधिर व्यक्ती वर्गात असेल तर दुभाष्याची सोय आयोजकाच्या गळ्यात आधीच घाला, आदल्या रात्री नाही.

आता हे काम कुणाकडून शिकायचं, त्या गुरूंबद्दल. या क्षेत्रात फोटो बघून ऑडिट, म्हणजे इमारतीची सुगम्यता तपासणी, करणारी मंडळी आहेत. चेकलिस्ट डाउनलोड, कार्यालयातल्या शिपायाकडून मागवलेले फोटो, संध्याकाळपर्यंत अहवाल. अशांच्या हाताखाली सहा महिने काढलेत तर टेप लावण्याची सवय लागणार नाही आणि ती नंतर लागणं कठीण. त्यापेक्षा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एखादे ज्युनिअर इंजिनिअर गाठा. त्यांना 'युनिव्हर्सल डिझाइन' (सगळ्यांना वापरता येईल अशी रचना) म्हणता येणार नाही कदाचित, पण दार बंद करून, उघडून, परत बंद करून बघतील. सुगम्य स्वच्छतागृहात फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला, हे फोटोत दिसत नाही. तिथे जाऊन उभं राहिल्यावरच दिसतं.

नवे लोक प्रमाणपत्रांचं विचारतात म्हणून: आयएएपी या सुगम्यता व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं बांधीव परिसरासाठी 'सीपीएबीई' हे प्रमाणपत्र आहे. कॅनडात असाल तर रिक हॅन्सन फाउंडेशनचा इमारतींना मानांकन देण्याचा कार्यक्रम आणि त्याचं प्रशिक्षण आहे. ब्रिटनमध्ये ॲक्सेस (सुगम्यता) सल्लागारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. चांगलं आहे सगळं. पण पैसे साठवून परीक्षा देण्याआधी तुमच्या गावातली पाच-सहा सार्वजनिक ठिकाणं टेप घेऊन मोजा: पोस्ट, बँक, तहसील, एसटी स्टँड, नाट्यगृह. वेबिनारची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसते, हे कबूल.

आणि नोकरी सोडू नका. एवढ्यावर घर चालेल अशी कामं सुरुवातीला मिळत नाहीत. जे सांगतात मिळतात, ते तुम्हाला त्यांचा कोर्स विकत असतात. आहात त्या फर्ममध्ये, आहात त्या साइटवर 'दारं आणि स्वच्छतागृहं मी तपासते' एवढं अंगावर घ्या. कुणी हरकत घेत नाही, कारण ते काम कुणालाच नको असतं. पुढे त्याच फर्मचे दुसरे प्रोजेक्ट, मग एखादं कॉलेज, मग कुणीतरी इस्पितळाचं विस्तारीकरण घेऊन येतं. हळू चालतं, पण चालतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. मिस्त्री, प्लंबर, सुतार यांना मराठीत आणि मोडक्या हिंदीत समजावणारं माणूस या क्षेत्रात फार कमी आहे, आणि इमारत शेवटी त्यांच्याच हातून उभी राहते. साइटवर वाढलेल्या डिप्लोमावाल्यांना इथे खरोखर जागा आहे.

उंबरठ्यावर मात्र नमतं घ्यायची तयारी ठेवा. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको, कडा उतरत्या. घरमालकीण म्हणते, उंबरठ्याशिवाय लक्ष्मी कुठून येणार, हळदीकुंकू कुठे वाहू? वाद घालू नका. लाकडाची पट्टी जमिनीत बसवून घ्या, वर बारा मिलिमीटर राहू द्या, पूजा तिचीच होते. मी हे घराघरांत करून घेतलंय आणि एकाही सासूबाईंनी तक्रार केलेली नाही.

शेवटचं, प्रशिक्षण संपल्यानंतरचं. प्रत्येकाकडून अभिप्राय अर्ज भरून घेतात, त्यात सगळे 'उत्कृष्ट' लिहितात, त्याने काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या चालू साइटवर चौकटी कधी बसणार आणि लाद्या कधी पडणार या दोन तारखा लिहून द्यायला सांगा. पहिल्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन करा. इंजिनिअरला करा, पण त्याच्याकडून सुताराचा नंबर घ्या आणि सुतारालाही करा. भिंत अजून ओली असते तेव्हा ओपनिंग वाढवायला अर्धा दिवस लागतो. लाद्यांच्या आधी प्लंबरला फोन, जमीन किती वर येणार ते विचारून ब्रॅकेटची उंची तिथेच भिंतीवर खडूने मारून घ्यायला सांगायचं, आणि त्या खुणेचा फोटो टेपसकट मागवायचा. टेपचा शून्य कुठे टेकवलाय ते फोटोत दिसलं पाहिजे; नसेल दिसत तर परत काढायला लावा.