देवगडात बसून कर्नल ड्रायव्हरचा पॅच: या लाइनीत येणाऱ्या नवीन मुलांसाठी माझा अनुभव

मे महिन्यात कणकवलीचा एक मुलगा घरी आलेला, डिप्लोमा झालेला, पुढे इंजिनिअरिंगला जाणार. आंबा खाता खाता विचारायला लागला की दादा तुम्ही घरात बसून अँटीव्हायरसचं नेमकं काय करता. त्याला दोन तास सांगितलं, मग त्याच्या दोन मित्रांचे पण तेच प्रश्न आले, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

मी एंडपॉइंट सिक्युरिटीमध्ये आहे. म्हणजे कंपन्यांच्या, बँकांच्या प्रत्येक लॅपटॉपवर जे सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, व्हायरस रॅन्समवेअर अडवणारं, ते. त्याचा वरचा भाग साधा प्रोग्रॅम असतो, आयकॉन दिसतो, स्कॅन चालतं. पण खरा भाग खाली विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळी मशीन चालवणाऱ्या आतल्या गाभ्यात असतो, कारण कुठलीही फाइल उघडायच्या आधी ती आपल्याला दिसायला हवी, उघडून झाल्यावर बघून काय उपयोग. त्यासाठी मिनीफिल्टर नावाचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या आत चालणारा प्रोग्रॅम लिहितात. फाइल उघडली, लिहिली, डिलीट केली की ती रिक्वेस्ट एकेका फिल्टरमधून खाली जाते, आणि कोण कोणाच्या वर बसणार ते ठरवायला अल्टिट्यूड नावाचा नंबर असतो जो मायक्रोसॉफ्ट देतं, अँटीव्हायरसवाल्यांसाठी ३२०००० ते ३२९९९८ ही रेंज ठेवलेली आहे.

साधा प्रोग्रॅम चुकला तर तो प्रोग्रॅम बंद पडतो, ड्रायव्हर चुकला तर अख्खी मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद. १९ जुलै २०२४ तुम्हाला आठवत असेल, सकाळी ९:३९ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचं एक कंटेंट अपडेट गेलं आणि जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले लोकांना. कारण काय, तर कोड २१वी फील्ड वाचायला गेला आणि हातात होत्या २०. एवढंच. कर्नलमध्ये एका घराची चूक सगळ्या गावाला भोवते, हे या कामाचं पहिलं सत्य.

तो बग होता, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. व्हल्नरेबिलिटी म्हणजे तसलीच चूक पण कोणीतरी मुद्दाम वापरू शकेल अशी. आणि ती सिक्युरिटीच्या ड्रायव्हरमध्येच निघते हे ऐकून त्या पोराला धक्का बसला, पण निघते. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका ड्रायव्हरमध्ये अशी चूक साधारण १२ वर्षं पडून होती, फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅच झाली, म्हणजे दुरुस्त झाली, अशा चुकांच्या जाहीर यादीतला नंबर सीव्हीई-२०२१-२४०९२. अवास्ट या अँटीव्हायरसच्या अँटी-रूटकिट (लपून बसणारे व्हायरस शोधणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये २०१२ पासूनच्या दोन होत्या, त्या २०२२ मध्ये मिटल्या. त्यामुळे अमुक कंपनीचे लोक कच्चे असं कोणी बोललं की मला ते पटत नाही, हा कोडच असा आहे की दहा वर्षं दहा जण वाचतात आणि कोणालाच दिसत नाही.

आता माझं तिकीट, म्हणजे माझ्याकडे आलेलं दुरुस्तीचं काम. बाहेरच्या एका रिसर्चरने आमच्या ड्रायव्हरमधल्या चुकीचा रिपोर्ट पाठवला होता, तीन पानं आणि सोबत छोटासा प्रोग्रॅम, ९० दिवसांनी तो पब्लिक करणार. पहिलं काम काय तर आपल्याकडे तसंच घडतंय का बघणं. दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे खोटे कॉम्प्युटर), एकात विनडीबीजी हा चुका शोधायचा डिबगर, दुसऱ्यात आमचं सॉफ्टवेअर, साध्या युजरने लॉगिन केलं, ॲडमिन नाही, आणि प्रोग्रॅम चालवला. तिसऱ्या वेळेला निळा स्क्रीन. त्या क्षणी पोटात जे होतं ना ते अजून आठवतं, कारण हेच सॉफ्टवेअर कुठल्यातरी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर पण बसलेलं आहे.

चूक कुठे होती ते नीट सांगतो, या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वरचा प्रोग्रॅम ड्रायव्हरशी बोलतो तो आयओकंट्रोल रिक्वेस्टने. ही रिक्वेस्ट मेथड निदर प्रकारची होती, म्हणजे विंडोज मध्ये पडत नाही, युजरच्या मेमरीचा पत्ता जसाच्या तसा ड्रायव्हरच्या हातात येतो. त्या मेमरीत एक स्ट्रक्चर (माहितीचा ठरलेला साचा), त्यात डेटाची लांबी आणि बफरचा, म्हणजे डेटा ठेवलेल्या जागेचा पत्ता. आमचा कोड लांबी वाचायचा, तपासायचा, तेवढी मेमरी घ्यायचा आणि मग कॉपी करताना लांबी *परत* त्या युजरच्या स्ट्रक्चरमधूनच वाचायचा. आता त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच वेळी चालणारा दुसरा भाग, या दोन वाचण्यांच्या मध्ये लांबी ६४ बाइटची ६४०० करून ठेवतो. मेमरी घेतली ६४ ची, ओतले ६४००, बाकीचं शेजारच्या मेमरीवर सांडलं. याला डबल फेच म्हणतात, अवास्टची जी वर सांगितली त्यातली चूक पण याच जातीची होती, कमांड लाइनची लांबी दोनदा वाचलेली.

त्या मुलाला मी समोरच्या पेटीवरून सांगितलं. गिऱ्हाइकाने पेटी उघडून बघितली, देवगड हापूस, मस्त माल, भाव ठरला, आणि तो पैसे काढायला वळला तेवढ्यात पेटी बदलली. घरी जाऊन उघडतो तर दुसराच आंबा. त्याने तपासलं नाही असं नाही, त्याने तपासलेली पेटी आणि उचललेली पेटी वेगळी होती. उपाय काय, तर पेटी आधी आपल्या गाडीत घ्या, मग उघडा. कर्नलमध्ये पण हेच, अख्खं स्ट्रक्चर एकदाच कर्नलच्या मेमरीत कॉपी करा, ट्राय-एक्सेप्टच्या आत (पत्ता चुकीचा निघाला तरी मशीन पडू नये म्हणून), आणि त्यानंतर युजरच्या मेमरीकडे ढुंकून बघू नका, तपासायचं ते आपल्या कॉपीवर.

आणि प्रोबफॉररीड हे तपासणीचं फंक्शन टाकलं म्हणजे झालं असं समजू नका, नवीन मुलं तिथेच फसतात. ते फक्त पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का आणि अलाइन, म्हणजे ठरलेल्या पटीत आहे का एवढंच बघतं, पुढच्या क्षणाला ती मेमरी असेलच याची खात्री देत नाही, आणि लांबी शून्य दिली तर काहीच तपासत नाही. शून्य लांबी आपण स्वतः अडवायची.

माझा पॅच झाला नऊ ओळींचा. दुपारी दीड वाजलेला, आई दारात उभी, "आधी जेव, मगे काय ता कर." जेवलो, चेक-इन केलं, म्हणजे बदल ऑफिसच्या कोडमध्ये टाकला, वाटलं झालं काम.

नव्हतं झालं. दुसऱ्या दिवशी क्यूएच्या, म्हणजे टेस्टिंगवाल्यांच्या मशीनवर ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरच्या चुका पकडणारं विंडोजचं टूल) लावलेला, तिथे डी-वन बगचेक, म्हणजे निळा स्क्रीन, ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. मी युजरकडून आणलेली कॉपी पेज्ड पूलमध्ये, म्हणजे विंडोज डिस्कवर हलवू शकतं अशा मेमरीत ठेवली होती आणि खाली स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन लिस्ट फिरवताना तीच कॉपी वाचत होतो. स्पिनलॉक घेतला की आयआरक्यूएल (प्रोसेसर किती तातडीचं काम करतोय ती पातळी) डिस्पॅच लेव्हलला जातं आणि तिथे पेज्ड मेमरीला हात लावायचा नसतो, कारण ते पेज डिस्कवर गेलेलं असेल तर परत आणता येत नाही. माझ्या मशीनवर दोनशे वेळा चाललं कारण पेज रॅममध्येच होतं. आयआरक्यूएल वर चढलं की व्हेरिफायर पेज्ड मेमरी मुद्दाम बाहेर ढकलतो, म्हणून तिथे लगेच सापडलं. आमच्या सीनियर मॅडमनी फोनवर एकच विचारलं, "तू व्हेरिफायर लावून स्वतः का नाही चालवलास?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून माझ्या टेस्ट मशीनवर तो कायम चालू असतो.

मग दुसरी गोष्ट. साध्या युजरला ड्रायव्हरचं दार उघडताच का येतंय? ते बंद करायला आम्ही डिव्हाइसच्या परमिशन घट्ट केल्या, फक्त सिस्टम आणि ॲडमिन. बरोबरच होतं ते. पण सॉफ्टवेअरचा खालच्या कोपऱ्यातला आयकॉन साध्या युजरच्या नावाने चालतो आणि तो कधीतरी कोणीतरी सरळ ड्रायव्हरशी जोडलेला, तो राखाडी पडला आणि "संरक्षण बंद" दाखवायला लागला. मग त्याची बोलणी सर्व्हिसमार्फत वळवावी लागली, त्यात अकरा दिवस गेले. नऊ ओळींच्या पॅचला अकरा दिवस!

त्यानंतर बाकीच्या सगळ्या रिक्वेस्ट एकेक करून वाचल्या, एकूण तेवीस होत्या. ज्या माणसाने एक चूक केली त्याने तोच साचा अजून कुठे वापरलाय हे शोधल्याशिवाय पॅच पूर्ण होत नाही असं माझं ठाम मत आहे. अजून दोन सापडल्या. रिसर्चरला कळवलं, त्याने चांगलं उत्तर दिलं. बाहेरून रिपोर्ट करणाऱ्यांशी नम्रपणे वागा, तो माणूस तुमचं काम फुकट करून देतोय.

रिलीज हा वेगळाच अध्याय आहे, थोडक्यात सांगतो. विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून नवीन कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून साइन करून घ्यावा लागतो. मग आधी आपल्या ऑफिसच्या मशीन, मग थोडे कस्टमर, मग सगळे, एकदम कोणालाच सोडायचं नाही. आणि एक गोष्ट मला पण उशिरा कळली, नवीन ड्रायव्हर आला म्हणून जुना मरत नाही. जुन्यावर सही अजून खरीच आहे, त्यामुळे चोर तो जुना ड्रायव्हर स्वतःसोबत आणून दुसऱ्या मशीनवर लोड करतात आणि त्याच्या भोकातून सिक्युरिटी सॉफ्टवेअरच बंद पाडतात. म्हणून जुन्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइल ओळखायचे ठसे, मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉकलिस्टसाठी पाठवायचे. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ही ब्लॉकलिस्ट आपोआप चालू असते.

आता तुम्ही सुरुवात कुठून करायची. सी भाषा, आणि पॉइंटर असे पक्के पाहिजेत की झोपेत विचारलं तरी मेमरी कोणाची आहे ते सांगता आलं पाहिजे. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप बघा, सेकंडहँड चालेल, कारण व्हर्च्युअल मशीन चालवायचीय, स्वतःच्या मशीनवर ड्रायव्हर लोड करून बघू नका कधीच. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, डब्ल्यूडीके (ड्रायव्हर बनवायचं किट) आणि विनडीबीजी फुकट आहेत. मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर सॅम्पल गिटहबवर आहेत, त्यात मिनीफिल्टरच्या फोल्डरमध्ये आधी नलफिल्टर घ्या, तो काहीच करत नाही म्हणूनच समजतो, मग पासथ्रू, मग स्कॅनर. व्हर्च्युअल मशीनमध्ये टेस्ट साइनिंग चालू करा (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवाय तुमचा ड्रायव्हर लोड होईल), स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीन परत आधीच्या स्थितीला आणता येईल, आणि मग ड्रायव्हर मुद्दाम पाडा, नल पॉइंटर वाचा, फ्री केलेली मेमरी वाचा, आणि प्रत्येक वेळी डंप (पडताना मशीनने साठवलेली मेमरीची फाइल) उघडून ॲनालाइझ कमांडने कुठे पडला ते शोधा. महिनाभर रोज एक डंप वाचलात तर इंटरव्ह्यूमध्ये आयआरक्यूएलच्या प्रश्नाला घाम फुटणार नाही, आणि तो प्रश्न येतोच.

कोर्सच्या जाहिराती येतील, तीन महिन्यांत हॅकर वगैरे. पैसे घालवू नका. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचायची सवय हीच खरी फी, आणि ती वेळात द्यायची असते. मला पहिली दोन वर्षं टेस्टिंगच मिळालेलं, तेव्हा वाईट वाटायचं, पण निळे स्क्रीन ओळखायला मी तिथेच शिकलो.

राहता राहिला तो सगळे विचारतात तो प्रश्न, गावात बसून जमतं का. जमतं, पण तयारी लागते. मे अखेरीला वारं सुटलं की माडाच्या झावळ्या तारांवर पडतात आणि लाइट चार चार तास जाते, इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवा. विंडोजचे सिंबल आधीच उतरवून कॅश करून ठेवा, नाहीतर नेट गेलं की डंप उघडतो पण फंक्शनची नावं दिसत नाहीत. मोठे डंप घरी ओढू नका, ऑफिसच्या सर्व्हरवरच उघडा. आणि पहिली नोकरी शक्यतो पुण्यात जाऊन करा, दोन वर्षं तरी, सीनियरच्या शेजारी बसून डिबगिंग बघणं फोनवर होत नाही. कणकवलीचा तो मुलगा आता नलफिल्टरवर आहे, परवा रात्री पावणेबाराला त्याने पहिला डंप पाठवला, फ्री केलेली मेमरी परत वापरलेली, कुठल्या ओळीला ते त्याने माझ्या आधी शोधलेलं.