कळण्याच्या भाकरीसोबत चटणी-ठेचा किती वाढावा?

खान्देशात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी म्हटली की ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि वरून तेलाची धार आलीच. बीपी किंवा वजन वाढले की पहिली गदा ठेच्यावर येते. मिरचीचा त्यात फारसा दोष नसतो. मोजायचे ते मीठ आणि तेल.

१. आधी तेल मोजा. सढळ हाताच्या धारेत चहाचे तीन चमचे तेल सहज जाते, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दोन चमचे शेंगदाणा चटणी साधारण १० ग्रॅम भरते; तिच्या कॅलरी ५५ च्या आसपास आणि प्रथिने अडीच ग्रॅम. चटणीपेक्षा धारच जड! म्हणून ठेच्याच्या मिरच्या तव्यावर कोरड्या भाजा, आणि तेल जेवताना एकच चमचा घ्या. अगदी कोरडी चटणी खा, असे मी सांगणार नाही. ती घशाखाली उतरत नाही.

२. मीठ शेवटी घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. कळण्याच्या पिठात मीठ बहुधा दळतानाच पडलेले असते. त्यात बिबडे (ज्वारीचे पापड), लोणचे आणि ठेचा एकाच ताटात आले की हिशेब बिघडतो. ठेच्यात मीठ निम्मे करा आणि लसूण वाढवा. वर लिंबू पिळले तर कमी मीठ जाणवतही नाही. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितले असेल, तर त्यांचेच ऐका.

३. आठवड्यातून काही दिवस जवसाची चटणी करा. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ असते, पण अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. भाजून बारीक कुटा, थोडीच करा. कुटलेले जवस लवकर खवट होते.

४. भजी-वड्यांसोबतचा सॉस. बाटलीवर १०० ग्रॅमचे आकडे असतात. मोठा चमचा १५ ग्रॅमचा धरून त्यांना ०.१५ ने गुणा. टोमॅटो सॉसच्या एका चमच्यात तीन-चार ग्रॅम साखर निघते. सोडियमला २.५ ने गुणले की मीठ कळते. मेयोनीजचा तेवढाच चमचा शंभरेक कॅलरींचा असतो. त्याऐवजी दही फडक्यात बांधून टांगा आणि त्या चक्क्यात चमचाभर ठेचा कालवा. मुलांसाठी मिरचीऐवजी कोथिंबीर वाटून घाला.