दिवाणाखालचं गोदाम

डोंबिवलीत आमचं वन रूम किचन. गोडा मसाला, तिखट आणि कुरडया-पापडांच्या ऑर्डरी वाढल्या तसा माल दिवाणाच्या पेटीत कोंबत गेले. जुलैत पेटी उघडली तर बाहेरच्या भिंतीकडच्या कुरडया दमट, तिखटाचे गोळे, आणि पापडांना चक्क मसाल्याचा वास! अडीच किलो तिखट टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग पेटी रिकामी करून दोन दिवस फॅनखाली वाळवली. दिवाण भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, पेटीच्या तळाला लाकडी पट्ट्या टाकल्या आणि त्यावर प्लास्टिक. मसाले आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, आत हिंगाचा खडा. ही युक्ती सासूबाईंचीच. डबा भरायच्या आधी मसाला पूर्ण गार झालाच पाहिजे. गरम भरला की झाकणाला आतून घाम धरतो आणि तिथूनच बुरशी सुरू. पापड-कुरडया कपाटाच्या वरच्या खणात, मसाल्यापासून लांब. रिकामे खोके माळ्यावर, घडी करून.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, त्यावर दळल्याची तारीख. नवा माल मागे, जुना पुढे. तारीख झाकणावर लिहू नका, झाकणं अदलाबदल होतात. माझी झालीच!

आणि दिवाळीआधी एकदम वीस किलो दळून ठेवणं बंद. गिरणी खालीच आहे, दर आठवड्याला चार किलो दळून आणते.