‘मेड हिम टी’ आणि ‘मेड हिम कॅप्टन’

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांना मी आधीच बजावते: इंग्रजी वाक्यात इनडायरेक्ट ऑब्जेक्ट (ज्याला किंवा ज्याच्यासाठी काही दिलं-केलं तो) कुठला आणि ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट (ऑब्जेक्ट कोण किंवा कसं ते सांगणारा शब्द) कुठला, हे ओळखताना मराठीतल्या ‘ला’वर विसंबू नका. ‘त्याला पेन दिलं’ आणि ‘त्याला कॅप्टन केलं’, दोन्हीकडे ‘ला’ आहेच. ‘ला’ दिसला की इनडायरेक्ट ऑब्जेक्ट, हा हिशेब इथेच गंडतो.

क्रियापदानंतर दोन नामं ओळीने आली की त्यांच्यामध्ये मनातल्या मनात ‘इज’ घालून बघा. ‘द सिलेक्टर्स मेड कपिल कॅप्टन.’ कपिल इज कॅप्टन? 1983 चा वर्ल्ड कप आठवा. हो! मग ‘कॅप्टन’ हे ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट आणि ‘कपिल’ डायरेक्ट ऑब्जेक्ट (क्रिया थेट ज्याच्यावर घडते तो). आता ‘शी मेड हिम टी.’ तो माणूस म्हणजे चहा? छे. म्हणून ‘हिम’ इनडायरेक्ट, ‘टी’ डायरेक्ट.

शेवटी विशेषण असेल तर डोकं खाजवूच नका. ‘शी पेंटेड द डोअर ग्रीन’ मधलं ‘ग्रीन’ कॉम्प्लिमेंटच.

बरेच जण ‘टू’ किंवा ‘फॉर’ घालून वाक्य फिरवायला सांगतात. ‘शी मेड टी फॉर हिम’ जमतं, ‘मेड कॅप्टन फॉर कपिल’ म्हटलं की अर्थच जातो. पण माझी या युक्तीवर फार भिस्त नाही. ‘इट कॉस्ट हिम फिफ्टी रुपीज’ मधलं ‘हिम’ इनडायरेक्ट धरतात, तरी तिथे ना ‘टू’ बसतो ना ‘फॉर’. ‘इज’ मात्र तिथेही बरोबर उत्तर देतो. माणूस म्हणजे पन्नास रुपये नव्हे.

व्हॉइस बदलताना, म्हणजे अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करताना (ऑब्जेक्ट सब्जेक्टच्या जागी आणताना), हा फरक थेट मार्कांवर येतो. ‘ही वॉज गिव्हन अ पेन’ आणि ‘अ पेन वॉज गिव्हन टू हिम’, दोन्ही चालतात. कॉम्प्लिमेंटला मात्र सब्जेक्टच्या जागी बसवता येत नाही. ‘कपिल वॉज मेड कॅप्टन’ एवढंच लिहायचं. (इथे ‘कॅप्टन’च्या आधी ‘अ’ नाही, पाहिलंत? एकालाच मिळणारं पद असलं की आर्टिकल बहुधा गळतं.)

आता खरी गंमत: ‘ही कॉल्ड हर अ डॉक्टर.’ तिच्यासाठी डॉक्टर बोलावला, की तिलाच डॉक्टर म्हटलं? व्याकरण दोन्ही मान्य करतं. आधीच्या वाक्यात ताप असेल तर ‘हर’ इनडायरेक्ट. मागेपुढे काहीच दिलं नसेल तर दोन्ही उत्तरं लिहा, आणि प्रत्येकापुढे अर्थ.